सहाशे बादल्या आल्या, नऊशे तीस टाकल्या

आमच्या मध्य प्रदेशातल्या धारच्या कॉलेजात पर्यावरण-सेवेचा एक विषय आहे. तीस तास सेवा, मग सही, मग पास. मी शिकवतो संख्याशास्त्र. पण मोजायचं काम म्हटलं की ते माझ्याच गळ्यात पडतं. दर वर्षी आम्ही धरमपुरीला नर्मदेचा घाट झाडायला जायचो. शेवटच्या खेपेला मुलांनी अकरा पोती कचरा काढला आणि नाश्त्याच्या साठ प्लेटी तिथंच सोडून आलो. त्यातल्या बारा आम्हा मास्तरांच्या.

मग कोरोना आला. घाट बंद, बस बंद. प्राचार्य फोनवर म्हणाले, "भिया, सेवा घरबसल्या करवून घ्या."

मी ठरवलं: रोज एक तास, तीस दिवस, घरातलं पाणी मोजायचं. किती आलं, किती वाया गेलं, वहीत लिहायचं.

सतवासला आपल्या घरी गेलेल्या एका मुलीनं हिशेब पाठवला. आलेलं पाणी सहाशे बादल्या, वाया गेलेलं नऊशे तीस. मी तीनदा बेरीज केली. बरोबर होती, म्हणून जास्तच चिडलो.

"अहो, द्या सोडून," बायको म्हणाली. "घाटावरची पोती तरी कुठं तोलली होतीत?"

ते लागलं. पण नापास लिहिलं असतं तर मुलीची बी.एड.ची जागा गेली असती. मी फोन लावला.

"सर, मी फक्त टोटल मारला," ती म्हणाली. "वही मम्मीनं लिहिलीय, मराठीत."

"आणि तू काय करत होतीस?"

"आराम."

निदान खरं बोलली. म्हटलं, वाच. तिची शाळा सगळी हिंदीत झालेली; ती अक्षरं जुळवत वाचू लागली, "तांदळाचं धुवण बादलीत टाकलं. बादलीतलं कुंड्यांना टाकलं. कूलरमध्ये टाकलं..."

"यात वाया काय गेलं?"

"टाकलं म्हणजे फेंक दिया ना, सर?"

मागून आईचा आवाज आला, "डाळीत मीठ टाकते, तेही फेकते का गं मी?"

आता आकडा उलगडला. ती बाई एकच पाणी दोन-दोनदा वापरत होती आणि दर वेळी इमानदारीत 'टाकलं' लिहीत होती. माझ्याकडे आलेल्या वह्यांत याहून कमी पाणी कुणीच वाया घालवलं नव्हतं. माझ्या घरी मी मोजलंच नव्हतं.

तरी तीस तास आईचे होते, मुलीचे नव्हते. गुण पाठवायची तारीख पुढं गेली होती, अजून एकतीस दिवस हातात होते. मी मुलीला म्हटलं, "उद्यापासून तूच भर, तूच मोज, तूच टाक. एक दिवस चुकला तर सही नाही."

तिला रडू फुटलं. आईनं फोन घेतला.

"सर, तारीख अजून थोडी पुढं नाही का जाणार?"

"का हो, जमणार नाही तिला?"

"जमेल. मलाच बरं पडेल."

तारीख पुढं गेली नाही. तिसाव्या दिवशी वही आली, अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत, बेरजेत एक चूक. सहीला फॉर्म काढला, तर तो जुनाच. लाभार्थीच्या रकान्यात छापलेलं: नर्मदा मैया. त्या वर्षी नदीला आम्ही हातही लावला नव्हता आणि खोटं माझ्याच्यानं लिहवत नाही. मी 'नर्मदा' खोडलं, 'मैया' राहू दिलं आणि सही केली.