मामांचं गाऱ्हाणं आणि मामींचा लॅपटॉप

यंत्रांशी अदबीनं वागणारा माणूस साऱ्या मुंबईत एकच उरला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत आणि पुढे मरोळच्या कारखान्यात राबलेले हे मामा आता चारकोपला राहतात आणि घरातल्या प्रत्येक विजेच्या वस्तूला माणसांत धरतात. वाटण चालू असताना मध्येच मिक्सरला दम खाऊ देतात. कुणी फ्रिजचं दार आपटलं, तर आपटणाऱ्याला ओरडायचं सोडून फ्रिजची विचारपूस करतात. नवा पंखा आला तेव्हा तर त्यांनी नारळ ठेवून, गावच्या रिवाजाप्रमाणे देवाला रीतसर गाऱ्हाणं घातलं होतं. प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं हवीत, म्हणून आम्हा नवराबायकोला बोरिवलीहून बोलावून घेतलं. पंखा अजून कुरकुरतो. मामांच्या मते तो गातो.

लॅपटॉप मात्र मामींचा. मालवणी मसाल्याच्या ऑर्डरी त्या त्यावर घ्यायच्या. त्या गेल्यावर मामा रोज दुपारी जेवण झालं की तो उघडून त्यातले मामींचे फोटो बघत बसायचे. एका दुपारी तो आतून टकटक करू लागला आणि बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, हार्ड डिस्क गेली, आतलं काही मिळणार नाही. फोटो दुसरीकडे कुठंच ठेवलेले नव्हते. म्हातारा आता अंथरूण धरणार, अशी धास्ती आम्ही दोघांनी घेतली. पण त्यांनी नवी डिस्क आणली, स्वतः बसवली आणि आम्हाला 'व्हय म्हाराजा' म्हणायला बोलावलं.

गाऱ्हाण्यात ते फोटो परत मागतील आणि आपल्याला खोटं 'व्हय' म्हणावं लागेल, या विचारानं मी बायकोच्या मागं सरकून उभा राहिलो. मामांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरात नवी डिस्क इली हा. तिका हंयसर करमांदे. जुन्याचो राग तिच्यार नको."

आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. फोटोंचा त्यांनी शब्दही काढला नाही.

मग विंडोज भरायला सुरुवात झाली. पडद्यावरचे टक्के इतके सावकाश सरकत होते की दुपारही त्यांच्याबरोबर लांबत गेली. पडद्याचा निळा उजेड मामांच्या चष्म्यावर पडला होता. काम पुरं होईपर्यंत जागेवरून कुणी उठायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. ते हळू आवाजात खाडीबद्दल, लग्नानंतर मामी पहिल्यांदा होडीत बसली त्याबद्दल बोलत राहिले. आम्ही पेंगत होतो, जागे होत होतो, आणि प्रत्येक वेळी ती होडी अजून पाण्यातच असायची.

शेवटी लॅपटॉपनं विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय? मामांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, 'शालिनी' लिहिलं. चुकून झालं असेल, असं वाटून मी म्हणालो, "मामा, तुमचं नाव घालायचं ना?"

"तो तिचोच रे," मामा म्हणाले. "माका नुसतो वापरूक दिल्यान."

थोड्या वेळानं पडदा उघडला. एकही फोटो नसलेल्या त्या कोऱ्या जागेत फक्त मामींचं नाव होतं. बायकोनं माझा हात घट्ट धरला. मामा मात्र खुर्ची जरा पुढे ओढून, रोजच्यासारखे बघत बसले.