कोपराने घातलेली घडी

तुमच्या घरात सगळ्यांच्या आधी कोण उठतं आणि का, हे तुम्ही कधी विचारलंय? आम्ही नव्हतं विचारलं. आई लवकर उठते, त्यात विचारायचं काय?

मी पत्रकांवर वाढले. बाबा अंबडच्या एका कारखान्यात होते आणि युनियनचं काम करायचे. गेटसभेच्या आदल्या संध्याकाळी छापखान्यातून गठ्ठे यायचे. ताज्या शाईचा वास घरभर पसरायचा आणि आम्ही तिघं सतरंजीवर घड्या घालायला बसायचो. मला ‘कमळ’च्या आधी ‘कामगार’ वाचता यायला लागलं. आईची घडी सगळ्यांत सुबक. कागद दुमडून ती अंगठ्याचं नख त्यावरून सर्रकन ओढायची. बाबा मधेच एखादी मागणी मोठ्याने वाचायला लागले की म्हणायची, “अहो, भाषण गेटवर. इथे दुमडा.”

एकदा छापखान्यातलं मशीन बिघडलं आणि गठ्ठे पहाटे आले. पहिली पाळी सुरू व्हायच्या आत वाटायचे होते. बाबा आईला उठवायला गेले, तर ती केव्हाच उठलेली, न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसलेली. हाक ऐकून तशीच आली, घड्या घालायला बसली. नखाऐवजी कोपराने कागद दाबत होती.

“आई, ही कुठली नवी स्टाईल?” मी हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी तिचा हात हातात घेतला. सांधे सुजलेले, कढत. मूठ मिटेना.

“कधीपासून?”

“झाले बरेच महिने. गरम पाण्यात धरले की सुटतात. तुम्ही उठेपर्यंत ठीक होतात.”

त्याआधीही डॉक्टरकडे ती जायची, पण कामं आटोपून संध्याकाळी, बोटं सैल झाल्यावर. दुखण्याची गोळी मिळायची आणि वर ‘वय झालं ताई’. चाळिशीतल्या बाईला! मला आजही याचा संताप येतो.

त्या दिवशी बाबांनी गेटसभा पहिल्यांदाच दुसऱ्यांवर सोपवली. आईला पुन्हा बादलीकडे जाऊ न देता स्कूटरवर बसवलं आणि सांध्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्या डॉक्टरबाईंनी समजावलं, “हा आमवात. जखम झाली की सूज येते ती बरं करायला, आणि काम झालं की ओसरते. इथे तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांना परकं समजतेय. म्हणून सूज हटत नाही. तशीच राहिली तर सांधे कायमचे खराब होतील.”

आई म्हणाली, “म्हणजे मागणी काहीच नाही आणि संप चालूच?”

डॉक्टर हसल्या. बाबा मात्र दुखावले. “असा संप आम्ही कधी केला नाही.”

औषधं सुरू झाली, अजून चालू आहेत. आजार मुळापासून गेलेला नाही, पण आवरला आहे. मूठ मिटते. फक्त उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, उशीर झाल्यामुळे.

आता पत्रकं मोबाईलवर जातात. दुमडायला काही नसतं. शाईच्या त्या वासासाठी मी अजून आसुसते. कोपराच्या घडीचं एक पत्रक मी जपून ठेवलंय, तिरकं, फुगीर. त्यात पगारवाढ आहे, कॅन्टीन आहे, कायम नोकरी आहे. ज्या हातांनी ते दुमडलं त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

म्हणून एवढं करा. उद्या तुमच्या घरात जी सगळ्यांच्या आधी उठते, तिच्या आधी उठा. तिला मूठ मिटायला सांगा. मिटत नसेल, तर संध्याकाळची वाट पाहू नका. त्याच सकाळी, त्याच हातांनिशी तिला डॉक्टरांकडे न्या.