झिजलेल्या सुताची साक्ष

सांगलीच्या बाजारात बिरूमामाचा थोरला लेक दिसला आणि मी लांबूनच ओरडलो, "काय रं, मामा आलाय का?" त्यानं नुसतं मुंडासं मागं सारलं. भादरलेल्या डोक्यावर नुकतेच खुंट आलेले... तिथंच कळलं. "तीन आठवडं झालं. खोकला तुरुंगातनंच आणला हुता त्यांनी," म्हणाला. तेव्हापासून ते एकच वाक्य डोक्यात फिरतंय, म्हणून आज लिहायला बसलोच.

बेचाळीसला पत्रकं वाटली म्हणून मला सजा झाली. तुरुंगात सतरंजीच्या मागावर माझा जोडीदार बिरूमामा. जतकडचा, सगळा जन्म मेंढरांत आणि घोंगड्यांत गेलेला, फरारी लोकांना भाकरी दिली म्हणून आत आलेला. पहिल्याच दिवशी मी सुताला मारलेली गाठ बघून म्हणाला, "कालेजात ह्येच शिकीवलं व्हय रं? मेंढरू बी हसल की!"

एका सकाळी मागावरचे वीसेक दोरे एकदम तुटले. "मुद्दाम कापलेस," जेलर म्हणाला आणि मला एक शब्द न विचारता सजेतली दोन महिन्यांची सूट रद्द! तिकडं रहिमतपुरात आई अंथरुणाला खिळलेली. सूट धरली तर मी पंधरा दिवसांत तिच्याजवळ, नाहीतर... वडिलांनी वकील गाठून कोर्टात अर्ज टाकला. तारखेपर्यंत मी दिवसातून दहादा विचारायचो, "मामा, तुरुंगाच्या शिक्षेत कोर्ट हात घालील?"

"मला काय ठावं, गड्या. पर तुटल्यालं सूत जपून ठेवलंय मी."

जज्जसाहेब म्हणाले, तुरुंगाची शिस्त तुरुंगानं बघावी, पण ह्याला विचारलं होतं का, पुरावा तपासला होता का, तेवढं आम्ही बघणार. मामा साक्षीला उभा राहिला. टोपीतून सूत काढून म्हणाला, "आवं सायेब, कापल्यालं टोक असं असतंय व्हय? ह्ये पिंजारलंय बघा. मागाच्या फणीचा दात गंजलाय, त्यावर घासून झिजलंय."

"तुला कधीपासून माहीत?"

आजच कळलं म्हण, मामा! मी मनात ओरडत होतो. बिघाड लपवणं हाही तुरुंगात गुन्हाच. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"दोरं तुटायच्या आधी आठ दिस, सायेब. सांगाय भ्यालो. जो सांगल त्यालाच हितं धरत्यात."

माझी शिक्षा रद्द झाली. आईचे शेवटचे चार दिवस मला मिळाले. आणि त्याच आठवड्यात मामाची महिन्याची सूट कापली गेली. मी भेटीला धावलो, तुझाही अर्ज टाकू म्हणालो.

"नगं. माझं खरंच चुकलं हुतं," मामा खोकत म्हणाला. "आई भेटली न्हवं?"

सुटल्यावर त्यानं मला घोंगडी विणून दिली. ती आत्ता मांडीवर आहे. काठाचा एक दोरा सुटलाय, तो मी सारखा चिमटीत धरून बघतोय. पिंजारलेला आहे, म्हणजे झिजलेला, हे मामानंच शिकवलं. पण मामा कधीपासून झिजत होता... त्या जादा महिन्यापासून की आधीपासून, हे काही ते टोक सांगत नाही.