आखाजीची चादर

सकाळी मिलिंदचा, माझ्या भाच्याचा, धरणगावहून फोन आला. "आत्या, आबा अजून उठले नाहीत." मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. नकळत तोंडातून गेलं, "आज आखाजी आहे का रे?" आखाजीला अजून अवकाश होता. शेतांमधून हरभरा निघत होता. आणि माझा मोठा भाऊ सुकदेव, आखाजीचा दिवस सोडला तर, उजाडल्यावर अंथरुणात कधी कोणाला सापडला नव्हता. मी नळ बंद केला, पातळ बदललं आणि जळगावच्या स्टँडवर गेले. बसमध्ये बसल्यावर मिलिंदचा दुसरा फोन आला. तो उचलण्याआधीच मला कळलं होतं.

एका वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी भाऊवर लिहा असं मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, लिहीन. पण माझ्या नातवंडांना लिहिते तशी लिहीन, इतरांनी सोबत वाचावं. तेव्हा माझी नात मित्रा आणि नातू राहुल, हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही इतक्या लांब, अमेरिकेत, वाढलात की तुम्हाला सालदार म्हणजे कोण, तिथपासून सांगायला हवं. सालदार म्हणजे मालकाच्या शेतावर आणि गोठ्यात वर्षाच्या बोलीवर राबणारा माणूस. साल सुरू व्हायचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि संपायचं पुढच्या आखाजीला. कागदावर पाहिलं तर दरवर्षी तो मोकळा होत होता. पण मालकाचं मागचं कर्ज कधी फिटलेलं नसायचं, त्यामुळे सकाळी सुटलेला माणूस संध्याकाळी त्याच दारात उभा राही. मधला तो एक दिवस तेवढा कोणाचा नसे.

आमचे वडील धोंडू हे धरणगावजवळच्या आमच्या गावातल्या मोठ्या घरचे सालदार होते. त्या घरच्या मालकांना सगळं गाव नाना म्हणे. वडील पावसाळ्यात, नानांच्याच कपाशीत, साप चावून गेले. त्यांचं साल अर्धं राहिलं होतं. माती झाल्यावर भाऊ त्यांच्या जागी गेला, तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा असेल. त्याला कोणी बोलावलं नाही, कोणी विचारलं नाही. बापाचं साल पोरानं पुरं करायचं, हे सगळ्यांना इतकं माहीत होतं की त्यावर बोलणंही झालं नाही. मी लहान होते. मला पुढे जळगावच्या वसतिगृहात जागा मिळाली, मी शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले. भाऊ गोठ्यात राहिला. मधल्या काळात आम्ही बौद्ध झालो, घरातले देव आईनं स्वतःच्या हातानं बाहेर काढले, गल्लीला नवं नाव मिळालं. पहाटेची हाक मात्र होती तीच राहिली.

त्या हाकेबद्दल मला मुख्यतः लिहायचं आहे. नानांचा माणूस अंधार असतानाच आमच्या वस्तीच्या तोंडाशी उभा राही. आत येत नसे. तिथूनच ओरडे, "धोंड्या, ऊठ रे." धोंडू तर मेलेला होता. पण त्या घराला सालदाराचं नाव बदलायची गरज वाटली नाही. बैल गेला तर नव्या बैलाला नवं नाव ठेवत असत, त्याचं बारसंच व्हायचं म्हणा ना. माणसाला मात्र जुनंच चाले. माझा भाऊ सुकदेव वीस वर्षांच्या वर धोंड्या या नावानं उठला, जेवला, शिव्या खात राहिला. माझी आई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे, त्या वेळच्या कुठल्याही बाईसारखी. ते नाव रोज पहाटे दुसऱ्याच कोणाच्या तोंडून तिच्या दारात येई, आणि उठे तो तिचा मुलगा.

आखाजीला हाक येत नसे. त्या दिवशी भाऊ बाजेवर डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून पडून राही. झोपलेला नसे, चादरीखाली पायाची बोटं हलताना दिसत. गावात झोके बांधलेले, माहेरवाशिणी गाणी म्हणत असायच्या, घराघरांत पुरण शिजत असायचं, आणि हा पडलेला. आम्ही त्याच्याभोवतीनं हळू चालायचो. ऊन डोक्यावर आलं की आई दारात उभी राही आणि मोठ्यानं म्हणे, "सुकदेव, ऊठ रे. जेवी ले." सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. वर्षातून एकदा त्याचं नाव असं मोकळ्या हवेत येई. तो लगेच उठून बसे.

मला धुळ्याला पहिली नोकरी लागली त्या वर्षीच्या आखाजीला संध्याकाळ झाली तरी तो उठला नाही. नानांचा माणूस नव्या सालाची बोली करायला आला, वस्तीच्या तोंडाशी थांबला, हाक मारली. आई उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "त्याना आंगमा ताप शे." दोनदा हाक आली, दोनदा तिनं तेच सांगितलं. सकाळी भाऊ धरणगावला चालत गेला आणि जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलायला लागला. पुढे बिऱ्हाडही तिथेच आलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा त्या सुमारास आला म्हणतात. आमच्या गल्लीत तो आलेला कोणी पाहिला नाही. भाऊला सोडवलं ते आईच्या खोट्या तापानं. पुढे मोकळा माणूस झाल्यावरही त्यानं आखाजी सोडली नाही. जिनिंगला सुट्टी नसे, तो खाडा करी आणि चादर घेऊन पडे. मिलिंदची आई चिडायची, "सणाला माणसं आंब्याचा रस खातात, आमच्याकडे मढ्यासारखं पडून राहतात." भाऊ चादरीतूनच म्हणे, "रस वाढी ठेव. मढंबी जेवी."

आता कडू ते. तीन वर्षांपूर्वी नानांची जन्मशताब्दी झाली. नाना कधीच गेले होते. त्यांचा नातू आदित्य पुण्याहून आला, चांगला शिकलेला, मऊ बोलणारा मुलगा. त्यानं आजोबांवर फिल्म काढली. भाऊला गाडीतून त्या जुन्या खळ्यात नेलं, डोक्याला फेटा बांधला, खुर्ची दिली. फिल्ममध्ये दिसतं की भाऊ खुर्चीवर न बसता तिचा हात धरून उभा आहे. आदित्य विचारतो, "धोंडूबाबा, आजोबा तुमच्याशी कसे वागायचे?" आणि माझा भाऊ हात जोडून म्हणतो, "घरना मानूससारखं. नाना देवमानूस व्हता." शताब्दीच्या कार्यक्रमात ती दाखवली तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. मी उठून बाहेर आले.

परत येताना रिक्षात मी भाऊला झापलं. "घरच्या माणसाला गोठ्यात जेवायला वाढतात का रे?" तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "त्यासना घरमा उभा राहीसन मी दुसरं काय सांगू, लीला? आपला लोके अजून तठेच र्‍हातस." आपली माणसं अजून तिथेच राहतात; जळगावला राहते ती मी.

मित्रा, त्याच सुमारास तू फोनवर मला सांगितलंस की तुमच्या लायब्ररीत तू तिथल्या गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसांचे, त्यांच्या म्हातारपणी टिपून ठेवलेले आवाज ऐकतेस. विचारणारे बहुतेक गोरेच. कोणी म्हणे आमचे मालक चांगले होते, आणि पुढे नुसती खरखर. तू म्हणालीस, "आजी, ते काय बोलले यापेक्षा कोणापुढे बोलले हे आधी ऐकावं लागतं." मी वर्गात तिकडच्या गुलामीवरचा धडा वर्षानुवर्षं शिकवला. मुली रडायच्या. त्यांतल्या कितीतरी मुलींच्या घरी सालदार होते, पण तो शब्द धड्यात नव्हता. आपल्याकडे गुलामी म्हटली की समुद्रापलीकडचं आठवतं. इथलं आठवायचं ते घरच्यासारखं.

तू विचारलंस, आपल्याकडे कोणी असे आवाज ठेवले का? मी म्हटलं, मी ठेवते. माझ्या पद्धतीनं गेले. प्रश्न क्रमानं मांडलेले, फोन घडी केलेल्या नॅपकिनवर, भाऊ समोर खुर्चीत. त्यानं प्रत्येक प्रश्नाला "चांगलंच व्हतं" म्हणून सांगितलं. मी वैतागले. "मी बहीण आहे ना तुझी?"

"बहीण शे. पन इचारस फौजदारसारखी." मग मिश्कील हसून म्हणाला, "आखाजीले इचार."

म्हणून गेल्या वर्षीच्या आखाजीला मी सकाळीच धरणगावला गेले. तो बाजेवर चादरीखाली होता. मी उशाशी फोन ठेवला आणि एकही प्रश्न न विचारता खाली बसले. बऱ्याच वेळानं चादर बोलायला लागली... तोंड झाकलेलं होतं म्हणून असेल, किंवा तो दिवस त्याचा होता म्हणून. "बा मरना, पन त्यानी हाक मरनी नही," तो म्हणाला. "पयले पयले मी वाट दखू, बा उठी म्हनीसन." दहा वर्षांचं पोर पहाटे बापाच्या नावाची हाक ऐकतं आणि थोडा वेळ थांबतं, की बाप उठतो का. मग सांगितलं, गोठ्यात वरून भाकरी कशी टाकत. तापात कामाला नेत तेव्हा नाना स्वतः औषधही देत, आणि औषध दिलं म्हणून तो कसा आणखी बांधला गेला. नाना वाईट नव्हते, हेही म्हणाला. "वाईट ऱ्हाता तं बरं व्हतं. पयी जातू." वाईट असते तर पळून गेलो असतो. शेवटी म्हणाला, "आखाजीले कोनी धोंड्या म्हनीसन हाक मारी, तरी मी उठू नही. तो दिन मन्हा." पुढे रेकॉर्डिंगमध्ये फक्त बाहेरच्या झोक्याची करकर आहे.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या गावच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. फेटा बांधलेला भाऊ, हात जोडलेले. वर लिहिलं होतं, आमच्या घरातले एकनिष्ठ धोंडूबाबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली. फिल्ममधला तो तुकडा गावातल्या सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. मी आदित्यला फोन केला.

"ते नाव माझ्या वडिलांचं आहे. भावाचं नाव सुकदेव."

"काय सांगता मॅडम? पण आजोबा तर कायम धोंड्याच म्हणायचे."

"हो. तेच सांगतेय."

तो खरोखर ओशाळला. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स बदलला. सुकदेव आलं, आमच्या घरातले एकनिष्ठ, हे राहिलं. मी त्याला चादरीखालचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि एकच मागितलं, की जिथे जिथे ती फिल्म दाखवाल, तिथे याच्यासोबत दाखवा. नाहीतर ती दाखवू नका. माझ्या भावाचा आवाज जगात राहील तर तो नुसता नानांच्या खळ्यातला राहू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. काही दिवसांनी त्याचं उत्तर आलं. "मॅडम, पूर्ण ऐकलं. झोप लागली नाही. पण आमच्या आजी अजून आहेत, त्यांना वाईट वाटेल. त्यांच्यानंतर नक्की बघू."

मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. माझी आईही होती की. रोज पहाटे उंबऱ्याच्या आत. तिला वाईट वाटेल म्हणून कोणी एकदा हळू हाक मारली नाही. आदित्यचा राग करावा तर तो चांगला मुलगा आहे, आणि "वाईट ऱ्हाता तं बरं व्हतं" असं भाऊ म्हणाला त्याचा अर्थ मला आत्ता पुरता कळतोय. फिल्म अजून फिरते आहे. नानांच्या पुण्यतिथीला पुन्हा दाखवली. म्हणून हे छापायला दिलं. रेकॉर्डिंग तुम्हा दोघांकडे आहे. मी गेल्यावर कोणाला वाईट वाटेल याचा विचार न करता ऐकवा.

परवा आखाजी झाली. आमच्याकडे पितरांची घागर भरत नाहीत, पूजा नसते. मी नुसती धरणगावला जाऊन बसले. रेखानं, मिलिंदच्या बायकोनं, केर काढायला भाऊची बाज उचलायला घेतली. मी म्हटलं, "राहू दे गं आज." तिनं त्याची चादर आणून बाजेवर पसरली आणि ती स्वयंपाकाला गेली. बाजेखालचा केर तसाच राहिला. ऊन डोक्यावर आलं. ताट वाढून झालं. मग मला एकदम लक्षात आलं की आई गेल्यापासून ती हाक मिलिंदची आई नाव न घेता मारत असे, ती गेल्यावर मिलिंद म्हणे "आबा, उठा". नावानं हाक मारणारं मोठं कोणी घरात उरलं नव्हतं. मी त्याची धाकटी बहीण, मी त्याला जन्मभर भाऊच म्हटलं. दारात उभी राहिले, गल्लीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हटलं, "सुकदेव, ऊठ रे. जेवी ले."

समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघायला लागली. बघू दे.

ती चादर मी जळगावला घेऊन आले. माझ्या घरातली प्रत्येक गोष्ट घडी करून जागच्या जागी असते, तुम्ही त्यावरून मला हसता. ती मी तशीच चुरगळलेली ठेवली आहे.