बाई मधी न्हाई

जुना स्टिरिओ रिसीव्हर विकायला काढला आणि माझ्या बायकोच्या थोरल्या मामांना चहा पाजावा लागला नाही, असा माणूस अख्ख्या मावळात सापडणार नाही. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत बसवलेलं, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं, बहुतेक वेळा जपानी यंत्र. चंदेरी तोंड, लाकडी अंग, दिवा लागला की उजळणारी काच आणि भाताच्या अर्ध्या पोत्याएवढं वजन. मामांनी तीन वर्षांत असे अकरा रिसीव्हर पाहिले आणि एकही घेतला नाही. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्रात झाली, त्यामुळे अंदाजे आकडा सांगायची सवय नाही. अकरा म्हणजे अकरा. त्यांतल्या नऊ वेळा गाडी मी चालवत होतो.

मामा मूळचे कामशेतच्या पुढचे, पवनेच्या बाजूचे. शेतकऱ्याच्या घरातून रेल्वेत गेले आणि लोणावळ्याला सिग्नल खात्यात आयुष्य काढून तिथेच स्थायिक झाले. सिग्नलच्या खोलीत कपाटं भरून रिले, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारे खटके, असतात आणि गाडी आली-गेली की ते टकटक वाजतात. त्या टकटकीवरून कुठला रिले आजारी आहे हे मामा दारात उभं राहून सांगत, असं त्यांचे जुने सहकारी म्हणतात. मामाही म्हणतात, पण सहकाऱ्यांच्या आधी. निवृत्तीनंतर हा लौकिक गल्लीभर पसरला. शेजारीपाजारी मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी घेऊन येतात. मामा डोळे मिटतात, मान तिरकी करतात आणि निदान सांगतात. एकदा शेजारच्या डॉक्टरीणबाईंची स्कूटर त्यांनी खिडकीतूनच ऐकली आणि "मागचं बेअरिंग गेलंय" म्हणून पोळीचा पुढचा घास घेतला. ते गेलेलंच होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पेढे आणून दिले. मामींनी ते पेढे डब्यात ठेवले आणि म्हणाल्या, "आता चार दिवस त्या कानाचं कौतुक उगाळून पाजतील."

रिसीव्हर निवडायची मामांची पद्धत मात्र रेल्वेतली नव्हती, वडिलांची होती. वडील पंचक्रोशीत बैलांचे पारखी म्हणून प्रसिद्ध होते. त्यामुळे मामा विकणाऱ्याच्या घरी जाऊन थेट रिसीव्हरकडे कधीच बघत नसत. आधी पाणी, मग चहा, मग घर कुठलं, शेती कुठं, पोरं काय करतात. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "का काढताय?" या प्रश्नाचं उत्तर पटलं नाही तर मामा उठत. पटलं तर दुसरा प्रश्न येई, "हितले पावसाळे किती काढलेत ह्यानं?" चारपेक्षा जास्त पावसाळे म्हणजे आत बुरशी आणि बटणांत खरखर, हा त्यांचा सिद्धान्त. नंतर पेटीच्या मागे जाऊन ते वास घेत. जळका वास आला तर नापास. पुढे येऊन प्रत्येक बटण दोन्ही टोकांपर्यंत फिरवत. खालून हात घालून पेटी उचलत, कारण हलक्या जनावरावर त्यांचा विश्वास नाही. शेवटी वीज सुरू करून कान पुढे करत. काही सेकंदांनी आतला रिले टक् असा वाजला की त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीतला जुना मित्र भेटल्याचं समाधान दिसे. तळेगावातल्या एका तरुण इंजिनिअरने हे सगळं पाहून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काका दातपण मोजणार आहेत का?"

हे सारं कशासाठी, ते सांगायला हवं. मामा नोकरीत नवे असताना खंडाळ्याच्या एका बंगल्यात विजेचं काही काम करायला गेले होते. काम झाल्यावर मालकांनी त्यांना दिवाणखान्यात, दोन मोठ्या स्पीकरांच्या समोर, बरोबर मधल्या खुर्चीवर बसवलं आणि रेकॉर्ड लावली. मामांनी तोवर गाणं ऐकलं होतं ते ट्रान्झिस्टरवर आणि देवळात. "सारंगी त्या भिंतीला, तबला ह्या भिंतीला," मामा सांगतात, "आन् मधी, जितं काय म्हंजी काय न्हाई, निस्ती भिंत, तितं बाई हुबी राहून गात हुती. मी उठून हात लावून आलो. मालक हसले. पर मला बाई दिसली, जावईबापू. नाकातली चमकी बी दिसली." हा प्रसंग मी निदान तीस वेळा ऐकला आहे. चमकी पहिल्या काही वेळा नव्हती. बाकी तपशील मात्र कधीच बदलला नाही. घर, मुलींची लग्नं, मग नातवंडं, यात ती बाई चाळीस वर्षं मागे राहिली. नोकरी संपल्यावर मामांनी ठरवलं की मरायच्या आधी तिला एकदा पुन्हा मधोमध उभी करायची. त्याच गाण्याची सीडी त्यांनी खटपट करून मिळवली, ती वाजवायचं लहानसं यंत्र घेतलं आणि शोध सुरू केला.

आणि प्रत्येक ठिकाणी एकच अडचण आली. वास चांगला, वजन चांगलं, रिले खणखणीत. मग मामा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसत, सीडी सुरू करत, डोळे मिटत, आणि मिनिटाभरात उघडत. "बाई मधी न्हाई." विकणारा गोंधळून विचारी, कुठली बाई? "उजवीकडं सरकली. तुमचा डावा बैल मागं पडतोय." डावी-उजवी बाजू कमीजास्त करायला रिसीव्हरवर एक बटण असतं. ते थोडं डावीकडे फिरवा, असं प्रत्येकाने सुचवलं. मामांना तो सल्ला अपमानासारखा वाटे. ते बटण बारावर, म्हणजे बरोबर मध्ये, असतानाच जोडी सारखी ओढली पाहिजे. "जू सरकवून दाखवलेली जोडी माझ्या बापानं कधी घेतली न्हाई." खंडाळ्यातल्या एका बंगल्याच्या रखवालदाराने, मालकांच्या परवानगीने, साहेबांचा जुना रिसीव्हर काढून दाखवला. बाई उजवीकडे. वडगावच्या एका निवृत्त तलाठ्याकडे, उजवीकडे. माझ्या ओळखीच्या एका छायाचित्रकाराकडचा तर इतका चांगला होता की मीच घेणार होतो. मामांनी मला परावृत्त केलं.

तळेगावात मात्र गोष्ट जरा वाढली. तोच तो इंजिनिअर, सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, नुकताच दुरुस्त करून आणलेला रिसीव्हर. मामा म्हणाले, बाई मधी न्हाई. मी त्या खुर्चीत बसून ऐकलं. मला बाई मधोमध वाटली. दोन साक्षींत तफावत आली की पडताळणी करावी, ही आमच्या धंद्यातली शिकवण. मी इंजिनिअरला दोन्ही स्पीकरच्या तारा अदलाबदल करून जोडायला सांगितल्या. दोष रिसीव्हरचा असेल तर आता बाई डावीकडे जायला हवी. सारंगी आणि तबल्याने जागा बदलल्या. बाई, मामांच्या म्हणण्यानुसार, उजवीकडेच राहिली. मामांनी थोडा विचार केला आणि शांतपणे म्हणाले, "मंजी बिल्डिंगच उजवीकडं कललीय." हे वाक्य दुर्दैवाने सोसायटीच्या सचिवांनी दारातून ऐकलं. पुढचा अर्धा तास मी त्यांना समजावत होतो की पाहुणे रेल्वेचे आहेत, बांधकाम खात्याचे नाहीत.

परत येताना मी बोलत होतो आणि मामा उत्तरं देत होते. ते नेहमी माझ्या शेजारी, म्हणजे माझ्या डाव्या हाताला बसतात. त्यांचा उजवा कान माझ्याकडे असतो. त्या दिवशी घरी पोचल्यावर मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "मामा, उद्या परत जायचं का?" मामा भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिले. स्वयंपाकघरातून मामींनी मात्र माझ्याकडे पाहिलं. मी आत गेलो.

"मामी, तुम्हाला ठाऊक आहे?"

"सात वर्सं झाली," मामी पीठ मळता मळता म्हणाल्या. "डाव्या बाजूला बसून मी मनातलं सगळं बोलून घेते. लय बरं वाटतं."

"मग सांगायचं नाही त्यांना?"

मामींचे हात थांबले. "काय सांगू? अख्खी गल्ली त्येंच्या कानाच्या भरवशावर येती. त्यो कानच गेला म्हणून सांगू? फिरू द्या. फिरत्यात तवर बाई कुटंतरी हाय असं तरी वाटतं त्येंना."

मी बातमीत कधी खोटं लिहिलं नाही. पण न छापण्याचा अधिकार प्रत्येक संपादकाला असतो, तो मी वापरला. पुढचे दोन रिसीव्हर पाहायला त्यांना निमूटपणे घेऊन गेलो.

बारावा कामशेतला मिळाला. भाताच्या गिरणीचे मालक, वयाने मामांच्याच बरोबरीचे, सडसडीत आणि सरळ माणूस. चहा झाला. का काढताय, या प्रश्नाला ते म्हणाले, "उजवी बाजू कमी वाजती त्याची. बरीच कमी. मेकॅनिक म्हणला, आतला भाग मिळत न्हाई. फसवून कुणाला द्यायचा न्हाई म्हणून तसाच पडलाय. पोरगं म्हणतं भंगारात द्या." मला वाटलं, मामा इथेच उठतील. पण जनावर न बघता उठणं रीतीत बसत नव्हतं. वास झाला, वजन झालं, रिले टक् वाजला. मामा मधोमध बसले आणि डोळे मिटले. एक मिनिट गेलं. दोन गेली. मामांनी डोळे उघडले नाहीत. गाणं संपलं तरी उघडले नाहीत. मग खाली बघत म्हणाले, "आली."

"कोण आली?" गिरणीवाले.

"हा मी घेतो."

"आवो, पर सांगितलं ना मी, उजवीकडं..."

"घेतो म्हणलं ना. आन् दुरुस्त करायचा न्हाई. एका स्क्रूला हात लावायचा न्हाई कुणी."

गिरणीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपातला उरलेला चहा संपवला. तोंडात काहीतरी असलं की बोलावं लागत नाही. गाडीत मामांनी पेटी मांडीवरच घेतली होती. मांडीला रग लागली असणार, पण ती मागे ठेवू दिली नाही. मला वाटलं, हा आनंद आहे. चला, भल्या माणसाच्या खोट्या यंत्राने भल्या माणसाचं काम झालं, आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही.

महिन्याभराने लोणावळ्याला गेलो तेव्हा पुढच्या खोलीत स्पीकरांसमोर दोन खुर्च्या होत्या. एक बरोबर मध्ये, दुसरी उजव्या स्पीकरच्या बाजूला बरीच सरकवलेली. मी मधल्या खुर्चीत बसायला गेलो, तर मामांनी थांबवलं.

"तितं नगं. तितं बसलात तर तुमची बाई डावीकडं जाईल. तुमी पलीकडच्या खुर्चीत बसा. मामी तितंच बसती. तुमाला मधी दिसंल."

मी पलीकडच्या खुर्चीत बसलो. बाई बरोबर मध्ये उभी राहिली. गाणं संपल्यावर विचारलं, "मामा, कधी कळलं?"

"गिरणीतच," मामा म्हणाले. "मालक म्हणला उजवं कमी हाय. माणूस खोटं बोलणारा न्हवता. मला दोन्ही सारखं वाजलं. मग कमी कुटं हाय?" त्यांनी डाव्या कानाच्या पाळीला बोट लावलं. "नोकरीभर फॉल्ट शोधलेत, जावईबापू. येवढं तरी कळंल का न्हाई?" मग म्हणाले, "तळेगावला जाऊन आलो. त्या सचिवांना सांगितलं, तुमची बिल्डिंग सरळ हाय. इंद्रायणी तांदूळ दिला पाच किलो."

"काय म्हणाले?"

"म्हणले, लेखी द्या."

मिक्सर आणि मोटारी अजूनही येतात. मामा आता मान जरा जास्त तिरकी करतात, एवढंच. मामींची मात्र थोडी अडचण झाली आहे. "डावीकडं बसून ही काय बोलती ते मला ऐकू येत न्हाई," मामा मला म्हणाले, "पर बोलती, हे आता ठावं हाय."

मामांनी फरशीवर खडूने खुणा केल्या आहेत. मामींच्या खुर्चीची खूण एकच आहे. मामांच्या खुर्चीच्या आता चार झाल्या, प्रत्येक आधीच्या खुणेपेक्षा जरा डावीकडे. दर काही महिन्यांनी डावा कान आणखी मंदावतो, बाई उजवीकडे सरकू लागते, मामा खुर्ची डावीकडे घेतात आणि तिला परत मध्ये आणतात. बटणाला ते आजही हात लावत नाहीत. गेल्या खेपेला त्यांची खुर्ची जवळजवळ डाव्या स्पीकरच्या पुढ्यात पोचली होती आणि त्या दोघांच्या खुर्च्यांमध्ये अख्खी खोली पसरली होती. मी मामींच्या मागे उभा होतो. मामांनी सीडी सुरू केली. सारंगी लागली, आणि बाईचा पहिला आलाप यायच्या आत मामी उठल्या. आपली खुर्ची फरशीवरून खर्रकन ओढत नेऊन त्यांनी ती मामांच्या खुर्चीला चिकटवली.

"आगं, हितं कशाला आलीस?" मामा म्हणाले. "हितनं तुला बाई मधी दिसायची न्हाई."

"न्हाई दिसली तर न्हाई," मामी बसत म्हणाल्या. "तुमी बघा. मला सांगा कशी दिसती ती."