शुक्रवारची गैरहजेरी

आपा माझी हजेरी घ्यायच्या तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, एम.ए. झालेली होते आणि कडेवर दीड वर्षाची पोरगी होती. रोज सकाळी नऊला घरामागच्या उर्दू मुलींच्या शाळेत जायचं, चौथीच्या पोरींच्या रांगेमागे उभं राहायचं आणि नाव पुकारलं की "हाजिर" म्हणायचं. पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. मला असा संताप यायचा की काय सांगू!

हे लचांड मागे लागलं ते नागपूरमुळे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि आम्हा बुलढाण्याकडच्यांना पुढचं शिकायचं म्हणजे नागपूर गाठावं लागायचं. तिथल्या कॉलेजात मी संशोधनासाठी नाव नोंदवलं. विषय होता वऱ्हाडातले आठवडी बाजार: कोण कुठून येतं, काय विकतं, कुणाची जागा कुठे ठरलेली आणि ती कुणी ठरवली. नाव नोंदवलं आणि सहा महिन्यांत लग्न होऊन चिखलीला आले. आमच्या सरांनी ते ऐकलं आणि सरळ सांगितलं की लग्न झालेल्या मुलींचं संशोधन चुलीत जातं, त्यांनी दोनदा पाहिलंय. मी तिथल्या तिथे म्हटलं की माझं जाणार नाही. पुढे पोरगी झाली, ती वर्षाची झाल्यावर मी काम पुन्हा हाती घेतलं, तेव्हा त्यांनी नियम काढून दाखवला. नागपूरबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी गावातल्या कुणी जबाबदार, नात्यात नसलेल्या माणसाने रोज घ्यायची, कामात लक्ष आहे की नाही ते पाहायचं आणि महिन्याच्या शेवटी हजर दिवसांच्या तारखा कळवायच्या. वर्षात तीसपेक्षा जास्त दिवस गैरहजर, तर नाव कमी.

गावात जबाबदार माणसं पुष्कळ होती, पण सगळे पुरुष. सासूबाई म्हणाल्या, रोज सकाळी उठून सुनेनं परक्या माणसापुढे जाऊन उभं राहणं काही बरं दिसत नाही. यांनीच आपांचं नाव सुचवलं. आपा शाळेच्या मोठ्या बाई. पन्नाशीच्या, उंच, पांढरी ओढणी, उजव्या हाताच्या बोटावर कायम शाईचा डाग. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. शाळेमागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. तीस वर्षांत त्यांनी एकही रजा घेतली नव्हती, असं अख्खं गाव सांगायचं.

आपांनी कॉलेजचं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि कपाटातून एक कोरं रजिस्टर काढलं. शाळेचंच, छापील. तारखांचे चौकोन आणि शेवटी शेऱ्याचा मोठा रकाना, त्यावर उर्दूत 'कैफियत' लिहिलेलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या सुट्टीच्या चौकोनांवर पट्टी ठेवून लाल शाईने रेघा मारायच्या, मग माझं नाव लिहायच्या. मी घरूनच सही करून पाठवते, असं पहिल्याच आठवड्यात म्हणून पाहिलं. तर म्हणाल्या की हजेरी माणसाची असते, सहीची नाही. झालं! तेव्हापासून रोज रांगेमागे उभी.

हाजिर म्हटल्यावर त्या विचारायच्या, काल काय केलं? मी दोन वाक्यांत सांगायचे. कधी तुटकपणे, कधी तर अगदी उर्मटपणे. त्या मान वर न करता कैफियतीच्या रकान्यात उर्दूत काहीतरी लिहायच्या. मला उर्दू येत नव्हतं. मला वाटायचं, लिहीत असतील 'ठीक', नाहीतर 'बरं'. त्या माझ्याकडे नीट बघतही नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती.

माझा खरा कामाचा दिवस शुक्रवार. तीन कोसांवरच्या एका खेड्यात शुक्रवारी मोठा बाजार भरायचा. पोरीला कडेवर घेऊन मी सकाळीच निघायची. बाया मिरच्या, हळद, मडकी, घोंगड्या घेऊन बसलेल्या असायच्या. एखादी आली नाही तर शेजारीण तिच्या जागेवर आपलं रिकामं टोपलं पालथं घालून ठेवायची, दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. असं चार-चार आठवडे चालायचं. हे मला फार आवडलं होतं, आणि त्यावर मी एक सबंध वही भरली होती. त्या दिवशी हजेरीला जायचा प्रश्नच नव्हता, कारण शुक्रवारी उर्दू शाळा बंद. रविवारी मात्र शाळा भरायची, तेव्हा मी रविवारी इमानदारीने जाऊन उभी राहायची.

आता हुशार वाचकाच्या लक्षात आलंच असेल. आम्हा दोघींच्या आलं नाही. एक तीस वर्षं शिकवणारी, एक एम.ए. झालेली, आणि दोघी ठार आंधळ्या.

सात महिन्यांनी नागपूरहून पत्र आलं. आपांनी कळवलेल्या तारखांत एकही शुक्रवार नव्हता. रविवार होते, पण रविवार सुट्टीचा म्हणून कारकुनाने ते सगळे खोडून टाकले होते. म्हणजे कागदावर मी दर शुक्रवारी गैरहजर, आणि शिवाय पोरीला गोवर आला तेव्हाचे, शुक्रवार सोडून, ओळीने नऊ दिवस. तीसची हद्द केव्हाच ओलांडली होती. नाव कमी का करू नये, याचा खुलासा रजिस्टरासह येत्या सोमवारी समक्ष करावा. खाली सरांची सही.

मी ते पत्र घेऊन तशीच शाळेत गेले. डोकं ठिकाणावर नव्हतं. आपांना म्हटलं, लाल रेघेवर शाईने हजर लिहा, एवढंच तर करायचंय. त्यांनी रजिस्टर उघडलं, एकेक पान उलटलं, प्रत्येक लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग ते मिटलं.

"बेटी, रजिस्टरात मागून काही लिहीत नसतात," त्या म्हणाल्या.

मग मी बोलले ते बोलले. म्हटलं, तुमच्या एका रेघेपायी माझं सगळं शिक्षण मातीत जाणार आहे, तुम्हाला काय त्याचं! पोरी दारात जमल्या होत्या. आपांनी पोरींना वर्गात पाठवलं. आज हे लिहितानाही माझा चेहरा गरम होतो.

सोमवारच्या आदल्या दिवशी मलकापूर स्टेशनला जायच्या लॉरीसाठी मी घरातून निघाले, तर आपा शाळेच्या दारात बुरखा घालून उभ्या. हातात कापडात बांधलेलं रजिस्टर. ते शाळेचं आहे, दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, म्हणून मी येते, एवढंच त्यांनी सांगितलं. मग "थांब जराशी" म्हणून आत गेल्या, मास्तरणींच्या हजेरीचं रजिस्टर उघडून त्यात काही लिहिलं, शाई टिपली आणि आल्या. मी लॉरी चुकेल म्हणून चरफडत होते. रेल्वेत पूर्ण वाटभर पोरगी त्यांच्या मांडीवर झोपली.

सरांच्या खोलीत आपांनी बुरख्याचा पडदा वर केला, टेबलावरची धूळ ओढणीने पुसली आणि मगच रजिस्टर ठेवलं. सरांनी पानं चाळली. शुक्रवार लाल का, असं विचारलं.

"जुम्म्याले शाळा बंद राह्यते साहेब," आपा म्हणाल्या. "पहिल्या तारखेले माह्या हातानं ती रेघ आपोआपच पडते. चूक माही आहे, पोरीची नाही."

सर म्हणाले, ते ठीक, पण शुक्रवारी हिने काम केलं याला पुरावा काय? मी वह्या पुढे केल्या. त्यांनी मान हलवली. वही विद्यार्थ्याच्या हातची असते, पाहिलेलं कुणी आहे का? मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात आपांनी शनिवारच्या चौकोनांपासून कैफियतीच्या रकान्यापर्यंत बोट नेलं आणि म्हणाल्या, हे कुणाकडून तरी वाचून घ्या.

शेजारच्या खोलीतून फारसी शिकवणारे म्हातारे मौलवीसाहेब आले. त्यांनी चष्मा चढवला आणि आधी उर्दूत, मग मराठीत सांगत वाचायला लागले.

"हाजिर. काल बाजारात गेली, तीन कोस पायी. हळदवाल्या बायांची माहिती आणली. टाच फुटली आहे, चप्पल घेत नाही." पुढच्या शनिवारी: "हाजिर. काल बाजारात पाऊस. वही पदरात झाकली, पोरीला भिजू दिलं. हे चूक आहे, मी बोलले." त्याच्या पुढच्या: "हाजिर. पालथ्या टोपल्यांचं काही सांगत होती. फार खुशीत आहे. काम उत्तम, बोलणं उद्धट."

मौलवीसाहेब हसले. सर हसले नाहीत, पुढे वाचा म्हणाले. एकही शनिवार सुटलेला नव्हता. मी दोन वाक्यांत तोडून टाकलेलं सगळं तिथे होतं, आणि न सांगितलेलंही. एका मंगळवारी लिहिलं होतं: "हाजिर. लक्ष नाही. घरी काही बोलणं झालं असावं. विचारलं नाही. चहा दिला." तो चहा मला आठवत होता. मी तो उभ्या उभ्या प्यायले होते आणि आभारही मानले नव्हते.

मग गोवराचे नऊ दिवस आले. नऊही दिवसांपुढे एकच मजकूर होता.

"गैरहाजिर. पोरीजवळ आहे. बरोबर आहे."

मी खिडकीकडे तोंड केलं आणि मनसोक्त रडले, आपल्याला काय कुणाची चोरी! पोरगी आपांच्या मांडीवरून माझ्याकडे टकामका बघत होती. सरांनी ते नऊ दिवस स्वतः बोट ठेवून मोजले. मग म्हणाले, "बाई, एवढं लक्ष मी माझ्या एकाही विद्यार्थ्याकडे दिलेलं नाही." कारकुनाला बोलावून त्यांनी सगळे शुक्रवार हजेरीत धरायला सांगितले. आपांनी रजिस्टर परत कापडात बांधलं आणि गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

परतीच्या वाटेवर मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, बापा, दीडशे पोरी सांभाळते मी, तुझ्या बोलण्याचं काय घेऊन बसली! मग मी विचारलं की मला उर्दू शिकवाल का. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि उद्या पाटी घेऊन ये म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर मी पहिलीच्या बाकावर बसायला लागले, गुडघे बाकाला अडायचे. चूक झाली की आपा पोरींना बोलायच्या तसंच मलाही बोलायच्या, आणि मी मुकाट ऐकून घ्यायची. सासूबाईंनी विचारलं, "काऊन वं, आता आणखीन कोणती परीक्षा?" मी म्हटलं, ही शेवटची.

चार-पाच महिन्यांनी अक्षरं लागायला लागली. एका दुपारी आपा नमाजला आत गेल्या होत्या आणि टेबलावर मास्तरणींचं रजिस्टर उघडं होतं. पाहू नये हे कळत होतं. मी बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत त्यांच्या नावाची ओळ वाचू लागले. हाजिर, हाजिर, हाजिर. मागची पानं उलटली, तरी तेच. मग तो आठवडा आला. ओळीने तीन दिवस गैरहाजिर, त्यांच्याच हातचं, आणि शेजारी रजेचं कारण. ते लावायला मला फार वेळ लागला.

'मुलीच्या कामासाठी नागपूर.'

आपा ओढणी सारखी करत बाहेर आल्या. रजिस्टर पाहिलं, माझा चेहरा पाहिला. मी म्हटलं, आपा, मला हे वाचता आलं. त्यांनी रजिस्टर हळूच मिटून कपाटात ठेवलं आणि माझी पाटी माझ्यापुढे सरकवली.

"मंग बस," त्या म्हणाल्या. "आज पुढचा धडा घेऊ."