खंदकाच्या तळाला काय निघालं

"काका, हलू नका! पाय उचलू नका!"

प्राजक्ता वरून ओरडली तेव्हा मी खंदकाच्या तळाशी बादली घेऊन उभा होतो. मला वाटलं, पायाखाली जनावर निघालं. पण आयर्लंडात साप नाहीत, हे मुलाने मला आल्या आल्याच सांगितलं होतं.

हा खंदक नावन गावाच्या बाहेर, एका कुरणात. मधे उंचवटा, भोवती मातीचा बांध, बांधाबाहेर बुजलेला खंदक. जुन्या काळची तटबंदी. कुणाची, हाच वाद होता. प्राजक्ता पुण्याची. शिकायला आली आणि इथेच खोदकामावर सुपरवायझर झाली. तिचं म्हणणं, हा रोमन फौजेचा किल्ला. तिची बॉस ओर्ला म्हणायची, रोमन लोक पलीकडे इंग्लंडात राहिले, इकडे किल्ला बांधायला आलेच नाहीत. पोरीने या एका गोष्टीवर आपलं नाव पणाला लावलं होतं. खोटी ठरली तर पुढच्या मोसमात दुसऱ्याच्या हाताखाली माती चाळायची.

निकाल तळाला लागणार होता. रोमन खंदक खाली निमुळता होत जातो आणि पार तळाला फावड्याच्या रुंदीचा चौकोनी चर असतो. इथल्या लोकांचे खंदक बहुतेक कढईसारखे गोल.

आता माझं. शाळा चौथीपर्यंत. जन्मभर माणदेशात विहिरी खणल्या. बायको गेली, मग मुलाने इकडे आणलं. तो ऑफिसला गेला की मी भिंतीकडे बघत बसायचो. खोदकामावर गावातली माणसं बिनपगारी घेतात असं कळल्यावर त्याने मला तिथे नेऊन सोडलं. पोराला बालवाडीत सोडतात तसं.

इथे खणायचं म्हणजे ट्रॉवेलने खरवडायचं. ट्रॉवेल म्हणजे गवंड्याच्या थापीची धाकटी बहीण. तिने विहिरी खणल्या असत्या तर आमचं गाव तहानेनं मेलं असतं.

तर प्राजक्ता खाली उतरली, गुडघ्यावर बसली. तळाला सरळसोट चर होता.

"काका, रोमनच! कोपरे बघा ना!"

"कोपरे चांगलेच आहेत."

"किती सफाईचं काम! जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं!"

"कालचं आहे."

"काय?"

"काल तू मीटिंगला गेलीस. पाऊस आला, तळाला पाणी साचलं. विहिरीत पाणी साचलं की आम्ही आधी चर मारतो, पाणी एका अंगाला घेतो आणि उपसतो. तेच केलं."

"ट्रॉवेलने?"

"फावड्याने."

"तुम्हाला फावडं दिलं कुणी?"

"ओर्लानं. मी हाताने खूण केली, ती ग्रँड म्हणाली, म्हणजे चालेल."

"ती सगळ्यालाच ग्रँड म्हणते! काका, अहो, पुरावा खणून टाकलात तुम्ही!"

"मग काय, बुडू देऊ त्याला?"

मग तिने मला जे झापलं! बायको गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, आजाऱ्याशी बोलावं तसं. ही पोरगी घसा फाडून ओरडली. बरं वाटलं.

दम लागल्यावर ती म्हणाली, "आधीच तिथे चर असेल. तुम्ही त्याच्यावरच खणलं असेल."

"असेल बाई. पाणी गढूळ होतं, मला काही दिसलं नाही."

आता एकच उपाय होता. शेजारचा न खणलेला तुकडा तळापर्यंत न्यायचा. तो तिने स्वतः खरवडला. मला स्पंज दिला, पाणी टिपायला. ओर्ला बांधावर बसून सँडविच खात होती. दुपार कलली तेव्हा तळ लागला. गोल. अगदी कढई.

 प्राजक्तानेच सगळ्यांना हाक मारून तो गोल तळ दाखवला. ओर्लाने वाकून आधी तो बघितला, मग माझा चर, आणि ती काहीतरी बोलली. सगळे हसले.

"काय म्हणते ही?"

"म्हणते, आयर्लंडातला एकमेव रोमन चर काकांनी खणलाय."

प्राजक्ताही हसली, पण नाक ओढत.

पुढच्या मोसमात ओर्लाने तिलाच सुपरवायझर ठेवलं. अट एकच, मला फावडं द्यायचं नाही.

तात्पर्य एवढंच: तळ बघून उड्या मारण्याआधी पाणी उपसणाऱ्याला विचारावं, बाबा, तू काय काय केलंस? तो विहिरीवाला असेल तर दोनदा विचारावं.